आधी टायर, मग बाकीचे : फोर बाय फोर गाडीचे गिअर आणि सस्पेन्शन बदलताना

सलग ॲक्सल (डावे-उजवे चाक जोडणारा एकच कडक आस) असलेल्या फोर बाय फोर गाडीखाली वाकून पाहिले, तर सर्वांत खाली लोंबणारी वस्तू म्हणजे डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा. दगडावर आधी आदळतो तो हाच, आणि खोल चाकोरीच्या मधल्या वरंब्यावर गाडी टेकते तीही बहुधा याच्याच पोटावर. मोठ्या स्प्रिंगा लावून गाडी १०० मिलिमीटरने उचलली तरी हा गोळा तसूभरही वर जात नाही, कारण तो स्प्रिंगांवर तोललेला नसतो, थेट चाकांच्या आसावर बसवलेला असतो. त्याला वर नेतो तो फक्त टायरचा व्यास, आणि तोही जेवढा वाढेल त्याच्या निम्म्यानेच. म्हणून या कामाचा आराखडा टायरपासून सुरू करावा. टायर ठरला की त्याला मोकळे फिरता येईल एवढी उंची ठरते, उंची ठरली की तिच्यामुळे बिघडलेले कोन दुरुस्त करावे लागतात, आणि त्याच टायरच्या व्यासावरून डिफरन्शियलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला किती फेरे लागतात तो आकडा, निघते. जो आधी लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या भागांचा संच) घेऊन येतो आणि टायरचा विचार नंतर करतो, त्याला बहुतेक वेळा गाडी दोनदा उघडावी लागते.

सुटे भाग मागवण्यापूर्वी आपल्याकडच्या नोंदणीच्या नियमांत किती उंची आणि कोणते टायर बसतात हे पाहून घ्यावे, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावेत. एवढे झाले की पुढचे सगळे काम मापाचे आहे.

गाडी उघडण्याआधी

सपाट जमिनीवर, टाकी भरून आणि नेहमीचे सामान गाडीत ठेवून, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजलेली उंची उपयोगाची नाही, कारण टायर किंवा त्यातली हवा बदलली की ती बदलते; हबपासूनचे अंतर मात्र केवळ सस्पेन्शनचे बोलते. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर येणारे वजन वजनकाट्यावर वेगवेगळे करून घ्यावे. प्रोपेलर शाफ्टचा (डिफरन्शियलकडे जोर नेणारा दांडा), ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) फ्लँजचा आणि पिनियनचा (डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेला लहान गिअर) कोन कोनमापकाने घ्यावा, आणि अलाइनमेंटच्या कागदावरचा कॅस्टरचा, म्हणजे पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते त्याच्या मागे झुकण्याच्या कोनाचा, आकडा जपून ठेवावा. पुढे गाडी रस्त्यावर भरकटू लागली किंवा खालून थरथर जाणवू लागली, की काय बदलले हे सांगायला हेच आकडे कामी येतात.

याच वेळी जुनी झीज शोधावी. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, चाकांची बेअरिंगे, पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) रबरी बुश आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (कोनात फिरू देणारे सांधे) यांत थोडासा जरी खुळखुळा असला, तरी मोठ्या आणि जड टायरमुळे तो कित्येक पटींनी जाणवतो. सलग पुढचा ॲक्सल असलेल्या गाड्यांत ठराविक वेगाला एखादा खड्डा लागताच स्टिअरिंग हातात मावत नाही इतके हादरू लागते. तिथे दोष बहुधा स्टिअरिंग डँपरचा (हादरे शोषणाऱ्या नळीचा) नसतो, तर पॅनहार्ड रॉडच्या झिजलेल्या बुशचा किंवा सैल बोल्टचा असतो. नवा डँपर लावून तो आजार झाकणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर थंड पाण्यात बुडवणे होय.

टायरवरून गुणोत्तर

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचून त्याचा व्यास काढता येतो. २४५/७५ आर १६ या टायरची भिंत २४५ च्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर उंच असते. ती दोनदा घेऊन त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिलिमीटर मिळवले की व्यास ७७४ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २८५/७५ आर १६ घेतला तर व्यास ८३४ मिलिमीटर होतो. फरक ६० मिलिमीटरचा, म्हणून डिफरन्शियलखालची मोकळी जागा वाढली ३० मिलिमीटरने. आकडा किरकोळ वाटतो, पण दगडावरून सुटणे आणि दगडावर टेकणे यांत अनेकदा एवढेच अंतर असते.

या व्यासवाढीचा दुसरा परिणाम असा, की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, त्यामुळे सगळे गिअर लांब झाल्यासारखे वाटतात. नव्या व्यासाला जुन्याने भागून येणाऱ्या आकड्याने मूळ गुणोत्तराला गुणले, की पूर्वीसारखी ओढ देणारे गुणोत्तर मिळते. वरच्या उदाहरणात ८३४ भागिले ७७४ म्हणजे १.०७८, मूळ गुणोत्तर ३.७३ असेल तर उत्तर ४.०२ येते. या आकड्याचा संच मिळत नाही, पण ४.१० चा सहज मिळतो. नेमक्या आकड्यापेक्षा थोडे आखूड गुणोत्तर घेण्याकडे माझा कल असतो, कारण मोठा टायर नुसता उंच नसतो, जडही असतो, आणि त्याला फिरवायला व थांबवायला लागणारा जोर या गणितात धरलेलाच नाही. शेवटचा गिअर एकास एक असेल तर ताशी ८० किलोमीटरला मूळ गाडीचे इंजिन सुमारे २०४५ फेरे घेते. नुसते टायर बदलले तर ते १९०० वर उतरते, आणि ४.१० लावल्यावर २०८७ वर येते. म्हणजे हमरस्त्यावर फारसा तोटा नाही आणि चढावर गाडी पुन्हा आपल्या पायाचे ऐकू लागते.

स्पीडोमीटरचेही लक्षात ठेवावे. टायर बदलून काहीच दुरुस्ती केली नाही, तर काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८६ ने धावत असते.

दगडधोंड्यांत चालवायचे असेल तर आणखी एक आकडा काढावा: पहिल्या गिअरचे गुणोत्तर, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचे (हळू पण जोरकस चालीचे गिअर) आणि डिफरन्शियलचे, या तिन्हींचा गुणाकार. पहिला गिअर ४.० चा, लो रेंज २.५ ची आणि डिफरन्शियल ४.१० चे असेल तर गुणाकार ४१ येतो; ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला, वरच्या मोठ्या टायरसह, गाडी ताशी तीन किलोमीटरने सरपटते. हा वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी आहे, तरीही मोठ्या दगडावरून उतरताना तो जास्तच वाटतो. ट्रान्सफर केसमध्ये ४.० ची लो रेंज बसवली तर गुणाकार ६५.६ होऊन वेग दोन किलोमीटरच्या आत येतो. ज्यांना खरोखर खडकांवरून जायचे आहे त्यांनी डिफरन्शियलचे गुणोत्तर अतिरेकाने आखूड करण्यापेक्षा ट्रान्सफर केसचे गिअर बदलणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण त्यामुळे हाय रेंजमधली रस्त्यावरची चाल जशीच्या तशी राहते. शिवाय त्याच मापाच्या गोळ्यात आखूड गुणोत्तराचा पिनियन लहान आणि कमी दातांचा होतो. ३.७३ म्हणजे बहुधा क्राउनच्या (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) ४१ दातांना पिनियनचे ११, ४.१० म्हणजे ४१ ला १०, आणि ४.८८ म्हणजे ३९ ला फक्त ८. दात कमी झाले की एका वेळी भार पेलणारे दातही कमी होतात.

स्प्रिंग आणि शॉक

स्प्रिंग निवडताना दुकानदार प्रथम विचारतो, गाडी किती उंच करायची? खरा प्रश्न आहे, गाडीवर कायमचे वजन किती आहे? पोलादी बंपर आणि विंच (तारेने गाडी ओढून काढणारे यंत्र) मिळून पुढे सहज शंभर किलोच्या आसपास भर पडते. मागे जादा टाकी, कप्पे आणि दुसरे स्टेपनी असले तर त्याहून अधिक. स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरमागे ३० न्यूटन असेल तर एका चाकावर आलेले जादा ५० किलो तिला सुमारे १६ मिलिमीटर दाबतात, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लिफ्टचा तिसरा हिस्सा तिथेच संपतो. उलट जड सामानासाठी बनवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर गाडी ठरल्यापेक्षा उंच बसते आणि चाक खाली लोंबायला जागाच उरत नाही. मी स्वतः ही चूक केली आहे. विंच पुढेमागे लावायचीच आहे म्हणून पुढच्या स्प्रिंगा विंचच्या हिशेबाने घेतल्या, विंच काही आली नाही, आणि दोन वर्षे प्रत्येक गतिरोधकावर गाडीचे नाक घोड्यासारखे उधळत राहिले.

पाट्यांच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या) गाडीला उंच करण्याचे तीन मार्ग दिसतात. नवा, योग्य कमानीचा पाट्यांचा संच हा त्यातला चांगला मार्ग. लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी) हा स्वस्त मार्ग. शॅकल जितका लांब करावा त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते आणि ॲक्सल फिरून कॅस्टर व पिनियनचा कोन दोन्ही बदलतात. तिसरा मार्ग पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालण्याचा. पुढच्या ॲक्सलला तो कधीही घालू नये, आणि मागेही एकावर एक ठोकळे रचू नयेत. ठोकळ्यामुळे तरफ लांबते, जोर लागला की ॲक्सल पाट्यांना पिळून फिरू पाहतो, आणि चढावर चाके टपटप उड्या मारू लागतात. पाटे बांधणारे यू-बोल्ट जुने वापरू नयेत. ते एकदा ताणले गेलेले असतात.

स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनच्या (प्रत्येक चाक वेगळे हलणाऱ्या) गाड्यांना मर्यादा लवकर येते. तिथे उंची वाढली की सीव्ही जॉइंटचा (चाकाला जोर नेणारा सांधा) कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात आणि वरचा कंट्रोल आर्म (चाक धरणारा दांडा) मर्यादेच्या रबरावर टेकून राहतो, त्यामुळे लहानशा खड्ड्यातही खट्ट आवाज येतो. सुमारे ५० मिलिमीटरपलीकडे जायचे असेल तर वेगळ्या कोनाचे वरचे आर्म आणि डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट यांची तयारी हवी. टॉर्शन बारच्या (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याच्या) गाडीत बोल्ट पिळून गाडी उचलता येते हे खरे. पण त्याने बार अधिक कडक होत नाही, चाक खाली जाण्याची जागा मात्र खर्च होते.

शॉकबद्दल दोन गोष्टी पाहाव्यात, बांधणी आणि लांबी. दुहेरी नळीच्या शॉकला बाहेरून दगड लागून पोचा आला तरी आतला पिस्टन चालत राहतो. एकेरी नळीच्या शॉकमध्ये पिस्टन मोठा असतो, तेल आणि नायट्रोजन वेगळे असल्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णता थेट बाहेर जाते. पण नळीलाच पोचा आला तर पिस्टन अडकतो. लांबलचक खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास चालवणाऱ्याने एकेरी नळीचा घ्यावा, दगडांतून हळूहळू जाणाऱ्याला चांगला दुहेरी नळीचा पुरतो.

लांबी ठरवण्यासाठी कॅटलॉगपेक्षा पुढची पद्धत विश्वासार्ह आहे. चासी मजबूत स्टँडवर ठेवून, उरलेल्या चाकांना अडणी लावून, एका ॲक्सलच्या स्प्रिंगा काढून घ्याव्यात आणि नवे टायर चढवावेत. मग ॲक्सलखाली जॅक लावून तो बंप स्टॉपला (ॲक्सलला शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर न्यावा, आधी दोन्ही बाजू एकदम आणि मग एक बाजू वर, दुसरी खाली. प्रत्येक स्थितीत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर मडगार्डला, चासीला किंवा आर्मला कुठे लागतो ते पाहावे. ॲक्सल पूर्ण वर असताना शॉकच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधले अंतर मोजावे, आणि ॲक्सल पूर्ण खाली लोंबवून पुन्हा मोजावे. शॉकची मिटलेली लांबी पहिल्या अंतरापेक्षा निदान १५ ते २० मिलिमीटरने कमी हवी, म्हणजे आघात बंप स्टॉपवर जाईल, शॉकच्या पोटात नाही. टायर मडगार्डला लागत असेल तर आणखी उंच स्प्रिंग घेण्याआधी बंप स्टॉप थोडा लांब करून पाहावा. उंची जितकी कमी ठेवता येईल तितकी गाडी आडव्या उतारावर स्थिर राहते.

याच लोंबलेल्या स्थितीत ब्रेकचे होज, एबीएसच्या तारा, डिफरन्शियलच्या श्वासनळ्या आणि प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा तपासावा. होज तारेसारखा ताणला जात असेल तर लांब होज लावल्याशिवाय गाडी जमिनीवर उतरवू नये.

रबरी बुशांचे बोल्ट कधी आवळायचे, हे अनुभवी हातही विसरतात. बुशचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून सगळे बोल्ट हाताने बसवून, गाडी चाकांवर उतरवून, दोनचार वेळा दाबून हलवून, मगच टॉर्क पान्याने शेवटचे आवळावेत.

उंचीने बिघडलेले कोन

पुढचा सलग ॲक्सल रेडियस आर्मवर (त्याला चासीशी जोडणाऱ्या लांब दांड्यांवर) असेल तर गाडी उचलल्यावर आर्म खाली झुकतो आणि त्याच्यासोबत ॲक्सल पुढे कलतो. आर्म ९०० मिलिमीटर लांब असेल आणि उंची ५० मिलिमीटर वाढली असेल तर हा कल सुमारे ३.२ अंशांचा होतो, आणि तेवढाच कॅस्टर जातो. मूळ कॅस्टरच तीन-चार अंशांचा असलेल्या गाडीत मग स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी सतत सांभाळावी लागते. उपाय म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश, खाली घेणारे ब्रॅकेट किंवा वेगळ्या कोनाचे आर्म. इथे एक अडचण लक्षात घ्यावी: ॲक्सल मागे फिरवून कॅस्टर परत मिळवला की पुढच्या डिफरन्शियलचा पिनियन खाली तोंड करतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन अधिक वाईट होतो. दोन्ही पूर्ण साधत नाहीत. मी कॅस्टर सुरक्षिततेपुरता परत घेतो आणि उरलेला प्रश्न शाफ्टमध्ये सोडवतो, कारण पुढचा शाफ्ट एरवी रिकामाच फिरतो, स्टिअरिंग मात्र दर क्षणी लागते.

पॅनहार्ड रॉड एका टोकाने चासीला आणि दुसऱ्याने ॲक्सलला जोडलेला असतो, त्यामुळे गाडी उंच झाली की ॲक्सल एका बाजूला सरकतो. ९०० मिलिमीटरचा रॉड आधीच १०० मिलिमीटरने तिरका असेल, तर ५० मिलिमीटरच्या लिफ्टनंतर ॲक्सल सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड लावून तो मध्यावर आणता येतो. त्यानंतर ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड समोरून पाहिल्यावर समांतर दिसतात का हे तपासावे. ते समांतर नसतील तर चाक खड्ड्यात उतरताच स्टिअरिंग आपणहून वळते.

मागच्या शाफ्टचे गणित क्रॉसच्या स्वभावावर चालते. साधा क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा त्याचा वेग कमीजास्त होतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सारखाच कोन असेल आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील, तर एकाची चूक दुसरा पुसून काढतो. म्हणून ट्रान्सफर केसची फ्लँज आणि पिनियन परस्परांना समांतर असायला हवेत. ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा सांधा असेल तर नियम बदलतो: तिथे पिनियनचे तोंड सरळ ट्रान्सफर केसच्या सांध्याकडे रोखलेले असावे लागते. पाट्यांच्या गाडीत हा कोन पाचरीच्या आकाराच्या शिमने (मध्ये घालायच्या पट्टीने) सुधारता येतो. शिम पोलादी घ्यावी, ॲल्युमिनियमची भाराखाली चिरते. वेग वाढवताना थरथर येत असेल आणि पाय उचलताच जात असेल, तर पहिला संशय याच कोनावर घ्यावा.

मागच्या ॲक्सलला जोडलेली, वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारी झडप अनेक गाड्यांत असते, आणि लिफ्टनंतर तिच्याकडे कोणी बघत नाही. गाडी उचलली की झडपेला वाटते मागे सामान नाही, आणि ती मागचे ब्रेक सौम्य करते. तिचे ब्रॅकेट लिफ्टच्या मापाने हलवून द्यावे.

डिफरन्शियल उघडताना

गुणोत्तर बदलायचे असेल आणि लॉकरही (दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारी यंत्रणा) लावायचे असेल तर दोन्ही एकाच वेळी करावे. दोन्हींसाठी तेच तेल काढावे लागते, त्याच बेअरिंगा निघतात आणि तेच अंतर पुन्हा बसवावे लागते. काही ॲक्सलमध्ये क्राउनचा आधार असलेला पिंजरा ठराविक गुणोत्तरापर्यंतच चालतो आणि त्यापुढे वेगळा लागतो; लॉकर मागवताना हे आधी पाहावे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर सारखेच हवे, एवढे तर उघडच आहे. ते विसरून फोर व्हील टाकले तर ट्रान्सफर केस आणि शाफ्ट आपसातच झुंजू लागतात.

क्राउन आणि पिनियन बसवणे हे काम चार मापांचे आहे: पिनियनची खोली, पिनियनच्या बेअरिंगला आधीच देऊन ठेवलेला ताण, क्राउन आणि पिनियनमधली मोकळीक, आणि बाजूच्या बेअरिंगवरचा ताण. चारही माप एकमेकांना हलवतात, त्यामुळे एक जमवताना दुसरे बिघडते आणि शिम बदलून पुन्हा सुरुवात करावी लागते. मोकळीक डायल गेजने क्राउनच्या बाहेरच्या कडेवर मोजतात. बहुतेक ॲक्सलना ती ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान लागते, पण आपल्या ॲक्सलच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम समजावा. ती क्राउनभोवती तीन-चार ठिकाणी मोजावी.

खोली बरोबर आहे की नाही हे शेवटी दातच सांगतात. क्राउनच्या तीन-चार दातांवर पिवळा खूण-लेप ब्रशने पातळ फासावा, एका हाताने क्राउनला चिंधीने थोडा अटकाव करावा आणि पिनियन दोन्ही दिशांना काही फेरे फिरवावा. लेप जिथे पुसला जाऊन धातू चमकतो तो डाग पाहावा. तो दाताच्या मधोमध, लांबट आणि मऊ कडांचा असेल तर काम जमले. दोन्ही बाजूंना डाग दाताच्या मुळाकडे उतरलेला असेल तर पिनियन फार आत गेला आहे. माथ्याकडे चढलेला असेल तर फार बाहेर राहिला आहे. कडा सुरीने कापल्यासारखी तीक्ष्ण दिसत असेल तर आत्ताच थांबावे, कारण तशाच बसवलेल्या गिअरचा हुंकार पहिल्याच दिवशी ऐकू येतो आणि पुढे तो कधीच जात नाही.

पिनियनवरचा ताण चेपणाऱ्या स्लीव्हने (बेअरिंगांमधल्या नळीने) बसत असेल तर नट आवळताना फार सावध राहावे. स्लीव्ह चेपू लागेपर्यंत कित्येकदा ३०० न्यूटन-मीटरहून अधिक जोर लागतो, आणि एकदा चेपू लागली की नट जरासा फिरवला तरी ताण झरकन वाढतो. तो मर्यादेपलीकडे गेला तर नट सैल करून भागत नाही. चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही, ती टाकून नवीच लावावी लागते. दोन स्लीव्ह जवळ ठेवूनच काम सुरू करावे. ज्याच्याकडे डायल गेज, प्रेस आणि लहान मापाचा टॉर्क पाना नाही, त्याने एवढा भाग अनुभवी मिस्त्रीकडे द्यावा आणि बाकीचे घरी करावे. यात कमीपणा काहीच नाही.

नवे गिअर पहिल्या दिवशी तापतात. पहिल्यांदा २५-३० किलोमीटर मध्यम वेगाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, आणि असे दोनतीनदा करावे. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नये, मग तेल बदलावे. निघालेल्या तेलात चुंबकावर करडी, गंधासारखी बारीक पूड असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे कण असतील तर झाकण पुन्हा उघडावे लागेल.

लॉकर कोणते

साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, म्हणून एक चाक हवेत गेले की दुसऱ्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. आपोआप जुळणारे लॉकर स्वस्त आणि दणकट असते, पण मागे लावले तर वळणावर कटकट आवाज आणि हलके झटके देते. हवेवर किंवा विजेवर चालणारे लॉकर गरजेपुरते लावता येते आणि एरवी डिफरन्शियल साधेच राहते. हवेच्या लॉकरची नळी सायलेन्सरपासून दूर आणि ॲक्सलसोबत हलेल अशी न्यावी. गिअरवर चालणारे मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल ओल्या रस्त्यावर फार छान चालते, मात्र ते घसरणाऱ्या चाकाच्या जोराच्या काही पटच दुसऱ्याला देते, म्हणून एक चाक पूर्ण हवेत गेले की शून्याला कितीही गुणले तरी शून्यच. तिथे ब्रेकवर हलका पाय ठेवावा लागतो.

एकच लॉकर घ्यायचे असेल तर मागे लावावे. चढावर वजन मागे सरकते आणि पकड तिथेच असते. पुढचे लॉकर लावलेले असताना स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर देऊ नये. पुढच्या सांध्यांना तेवढा ताण सहसा पेलत नाही. मजबूत मिश्र पोलादाचे ॲक्सल शाफ्ट लावताना साखळीतली पुढची कमकुवत कडी कोणती हेही विचारात घ्यावे. जंगलात अर्ध्या तासात बदलता येणारा क्रॉस तुटणे हे पिनियन तुटण्यापेक्षा कितीतरी परवडते.

रस्त्यावर उतरल्यावर

डिफरन्शियलच्या श्वासनळ्या इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत नेल्या नसतील तर आता न्याव्यात. गरम गोळा ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि खालच्या तोंडाच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेल दुधाळ निघते. अलाइनमेंट करून कॅस्टरचा आकडा जुन्या कागदाशी ताडून पाहावा, हेडलाइटचा झोत खाली आणावा, आणि गाडीत स्थिरता नियंत्रण असेल तर स्टिअरिंगचा सेन्सर व टायरचे माप संगणकात भरून घ्यावे.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा ८०० नंतर यू-बोल्ट, आर्मचे, पॅनहार्ड रॉडचे आणि प्रोपेलर शाफ्टचे सर्व बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत, आणि प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढावी म्हणजे सुटलेला बोल्ट वाकून पाहताच ओळखू येतो. शॉकच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट पण सरकेल अशी बांधून खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारावी. परत आल्यावर ती जिथे सरकून थांबली असेल, तिथपर्यंत शॉक मिटला होता. ती नळीच्या विरुद्ध टोकाला जाऊन दांड्याच्या बुडाशी चेपलेली सापडली, तर बंप स्टॉप आणखी लांब करावा.